आययूआय कधी, आणि किती वेळा?

निपाणी, चिकोडी, खानापूर किंवा बेळगावच्या आसपासच्या गावांत लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. गोळ्या होतात, सोनोग्राफ्या होतात, फाईल जाड होत जाते आणि मग कधीतरी वाक्य येतं, 'आता एकदा आययूआय करून बघू.' नवऱ्याचं वीर्य धुऊन, त्यातले चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढून ते बारीक नळीने थेट गर्भपिशवीत सोडायचे, असा हा उपचार. भूल नाही, टाके नाहीत, काही मिनिटांत काम होतं आणि खर्च काही हजारांत भागतो. टेस्ट ट्यूब बेबीचा आकडा लाखाच्या घरात ऐकलेल्या माणसाला हे फारच सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं म्हणूनच त्यावर कुणी नीट विचार करत नाही. माझं म्हणणं असं, की आययूआय काही ठराविक जोडप्यांना चांगला उपयोगी पडतो, सगळ्यांना नाही. म्हणून पहिल्या वेळेआधीच दोन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांकडून घ्यायला हवीत. आमच्या बाबतीत तो कशासाठी करायचा? आणि किती वेळा करून थांबायचं? ही उत्तरं न घेता सुरू केलेला स्वस्त उपचार बाईच्या वयाची दोन-तीन वर्षं सहज खातो.

आधी गैरसमज दूर करू. आययूआय म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी नव्हे. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली मुलगी टेस्ट ट्यूब बेबी होती. त्यात स्त्रीबीज शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात. आययूआयमध्ये बीज बाहेर येतच नाही. नमुना वाटीत घेतल्यावर अर्धा तास तसाच ठेवतात, म्हणजे तो पातळ होतो. मग तो विशिष्ट द्रावाच्या थरावर ओतून यंत्रात फिरवतात. मेलेले शुक्राणू, पेशी आणि कचरा वर अडकतो, जोमाने पोहणारे तळाशी जमतात. ते पुन्हा धुऊन अर्धा मिलिलिटर द्रवात घेतले, की तो थेंबभर ऐवज मऊ नळीने गर्भपिशवीत सोडायचा. न धुतलेलं वीर्य आत सोडता येत नाही, कारण त्यातल्या रसायनांनी पोटात जोराच्या कळा येतात आणि जंतुसंसर्गाचाही धोका असतो. इथवर माणसाची मदत. पुढे शुक्राणूंनी स्वतःच गर्भनलिकेत पोहत जायचं, बीज त्याच सुमारास फुटलेलं असायचं आणि नळीतच दोघांची गाठ पडायची. उपचाराची मर्यादा याच रचनेत आहे. तो शुक्राणूंचा रस्ता थोडा कमी करतो आणि वेळ जुळवून देतो. बंद नळी तो उघडत नाही, नसलेले शुक्राणू आणत नाही आणि बीजाचं वय कमी करत नाही.

एवढं लक्षात आलं की आधी काय तपासायचं ते आपोआप ठरतं, आणि त्यात पहिला नंबर नवऱ्याचा. आपल्याकडे उलटा क्रम चालतो. बाईचं रक्त, बाईची सोनोग्राफी, बाईची दुर्बिणीची तपासणी होऊन जाते, आणि नवऱ्याची वीर्य तपासणी 'बघू नंतर' म्हणून वर्षभर लांबते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, वेदना नसलेली आणि एका दिवसात होणारी आहे. ती न करता बाईला दुर्बिणीच्या टेबलावर झोपवणं मला वैद्यकीय दृष्ट्याही अयोग्य वाटतं आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि पुढे पोहणारे 30 टक्के ही खालची पातळी मानतात. पण एका कागदावरून निकाल लावू नये. नमुने दर वेळी बदलतात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांपूर्वी येऊन गेलेला जोराचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो. रिपोर्ट कमी आला तर थोड्या काळाने पुन्हा तपासावा. उद्यमबागच्या फाऊंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा असो की साखर कारखान्यात पॅनवर काम करणारा, सतत उष्णतेत काम असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, कारण अंडकोषांना शरीरापेक्षा कमी तापमान लागतं. धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू किती उरले, हा आकडा दर वेळी मागून घ्यावा. ते 50 लाखांच्या वर असतील तर आशेला आधार आहे. 10 लाखांच्याही खाली असतील तर आययूआय करत राहण्यात अर्थ उरत नाही, आणि मुळात शुक्राणूच नसतील तर हा मार्गच नाही.

बाईकडे दोन गोष्टी बघायच्या. निदान एक नळी मोकळी आहे का, आणि बीज दर महिन्याला तयार होऊन फुटतं का. नळ्यांसाठी पाळी थांबल्यावर काही दिवसांत औषध सोडून एक्स-रे काढतात. त्याला कळा येतात, पण ही तपासणी टाळून केलेलं आययूआय म्हणजे अंधारात दगड. भारतात नळ्या खराब होण्यामागे गर्भाशयाचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला नसतानाही तो असू शकतो. माहेरी किंवा सासरी कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नये. थायरॉईड, साखर यांसारख्या साध्या तपासण्यांसाठी लगेच महागड्या केंद्रात जायची गरज नसते. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, आणि सुरुवात तिथल्या स्त्रीरोग विभागातूनही होऊ शकते. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत आणि बहुतेक आरोग्य विम्यांतही ते वगळलेले असतात, हे मात्र हिशेबात धरावं.

या भागाची एक गोष्ट इथे स्वतंत्र सांगायला हवी. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून मुलगे फौजेत जातात. कुणी गोव्यात, कुणी पुण्यात नोकरीला असतो. अशा घरात 'लग्नाला चार वर्षं झाली' याचा अर्थ जोडपं चार वर्षं एकत्र राहिलं असा होत नाही. वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहिल्यास तपासणी करावी, आणि बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. हे महिने लग्नाच्या तारखेपासून धरायचे नाहीत, एकत्र राहिल्यापासून धरायचे. जवान महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि त्यातले बीज फुटण्याचे चार-पाच दिवस प्रवासात आणि जत्रेत गेले, तर दोघांतही दोष नसताना दिवस राहणार नाहीत. अशा जोडप्याला आधी सुट्टीचा मेळ पाळीशी घालणं सुचवावं. ते जमतच नसेल तर सुट्टीत आलेल्या नवऱ्याचे शुक्राणू गोठवून ठेवून, तो पोस्टिंगवर असतानाही त्याच्या लेखी संमतीने आययूआय करता येतं. गोठवल्यावर काही शुक्राणू मरतात, तेवढी घट गृहीत धरावी.

आता उपयोग किती, हा प्रश्न. इथे 'आमच्या पाहुण्यांत एकीला पहिल्याच वेळी राहिलं' हा पुरावा चालत नाही. दोन सारखे गट करून तुलना करावी लागते. ही पद्धत काही परकी नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची अशीच चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांवर झाली. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं, आणि 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेले ते निष्कर्ष जगभर वाचले गेले. आययूआयचे पुरावे इतके सरळ नाहीत. स्कॉटलंडमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कारण न सापडलेल्या जोडप्यांना सहा महिने नुसती वाट बघायला सांगितलं तर 17 टक्क्यांना मूल झालं. बीजवाढीच्या औषधाशिवाय आययूआय केलेल्यांत 23 टक्क्यांना झालं. फरक दिसतो, पण योगायोगही तेवढा फरक दाखवू शकतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये अशा जोडप्यांना सरसकट आययूआय देऊ नका, असंच सांगितलं. मग 2018 मध्ये न्यूझीलंडची चाचणी आली. आपसूक दिवस राहण्याची शक्यता कमी असलेल्या 201 बायका होत्या. गोळ्यांसह तीनदा आययूआय केलेल्या गटात 31 टक्क्यांना मूल झालं, वाट बघणाऱ्या गटात 9 टक्क्यांना. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये कारण न सापडलेल्या वंध्यत्वात औषधांसह आययूआय हा पहिला उपचार म्हणून सुचवला. नाइस आणि ही संघटना एकमेकींच्या विरुद्ध बोलतात असं वरवर वाटतं. पण न्यूझीलंडच्या बायकांची आपसूक शक्यता कमी होती आणि त्यांना औषधही दिलं होतं, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की कोडं बरंचसं सुटतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या पंचविशीतल्या जोडप्याला आययूआयची घाई करण्यात फायदा नाही. तीन वर्षं एकत्र राहूनही काही झालेलं नसेल, नळ्या मोकळ्या असतील, शुक्राणू थोडेच कमी असतील, तर गोळ्यांसह आययूआय करण्याला आधार आहे.

तरीही एका वेळी यश येण्याची शक्यता साधारण दहातल्या एकीची, फार तर थोडी जास्त. पहिल्या वेळी पाळी आली म्हणून 'आपल्या नशिबात नाही' असं बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दहाला एक या हिशेबाने तीन वेळांत मिळून शक्यता सत्तावीस टक्क्यांच्या आसपास जाते. पण तो हिशेब असाच वाढत जात नाही, कारण ज्यांना राहायचं त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या तीन-चार वेळांत राहतं आणि मागे उरलेल्यांत काही न दिसलेलं कारण असण्याचा संभव वाढतो. म्हणून तीन, फार तर चार. इथे लोक म्हणतात, खर्च कमी आहे तर दहा वेळा करायला काय हरकत आहे? हरकत अशी, की दर वेळी एक महिना जातो, मधले विश्रांतीचे महिने जातात आणि पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात. 33 व्या वर्षी सुरू केलेली बाई आठव्या आययूआयला पोहोचते तेव्हा पुढच्या टेस्ट ट्यूब उपचाराची शक्यताही कमी झालेली असते. दुसऱ्या बाजूचा आक्षेपही ऐकायला हवा. मग सरळ टेस्ट ट्यूबच का करू नये? अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गोळ्यांसह आययूआयने एका वेळी 7.6 टक्के, इंजेक्शनांसह 9.8 टक्के, तर टेस्ट ट्यूबने 30.7 टक्के गर्भधारणा झाल्या. आकडे बोलके आहेत, पण त्या उपचारात भूल, बीज काढण्याची छोटी शस्त्रक्रिया आणि मोठा खर्च आहे, आणि दोन एकर उसावर चालणाऱ्या घराला तो कर्ज काढूनच करावा लागतो. पस्तिशीच्या आतल्या योग्य जोडप्याने आधी तीन वेळा आययूआय करणं मला शहाणपणाचं वाटतं. 38 च्या पुढे मात्र आययूआयवर वर्ष घालवू नये.

औषधांच्या बाबतीत घाई नडते. लेट्रोझोल किंवा क्लोमिफिनच्या गोळ्यांनी एक-दोन बीजं वाढतात. इंजेक्शनांनी जास्त वाढतात आणि यशही थोडं वाढतं, पण अमेरिकेतल्या 2015 च्या एका मोठ्या चाचणीत इंजेक्शनांच्या गटातल्या जवळजवळ एक तृतीयांश गर्भधारणा जुळ्या-तिळ्यांच्या होत्या, क्लोमिफिनच्या गटात त्या 9 टक्क्यांच्या आसपास. 'जुळी झाली तर एकाच खर्चात दोन' असं हसत म्हणणाऱ्यांनी कमी वजनाच्या, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांच्या काचेच्या पेटीचं बिल एकदा विचारावं. सोनोग्राफीत तीन-चार बीजं मोठी दिसली आणि डॉक्टर म्हणाले या महिन्यात नको, तर त्यांच्याशी वाद घालू नये. लेट्रोझोल 'कॅन्सरची गोळी' आहे, असं इंटरनेटवर वाचून कुणी घाबरतं. वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर भारत सरकारने 2011 मध्ये बंदी घातली होती, हे खरं, पण 2017 मध्ये ती उठवली. पीसीओडी असलेल्या बायकांत क्लोमिफिनपेक्षा तिने जास्त बाळं होतात, हे 2014 च्या अभ्यासात दिसलं आहे.

अंतराचा प्रश्न या पट्ट्यात खरा आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बीज फुटेपर्यंत तीन-चार सोनोग्राफ्या लागतात. त्यांतल्या काही निपाणीत किंवा चिकोडीत करून चालतील का, हे आधीच विचारावं, म्हणजे बसचे हेलपाटे वाचतात. बीज 18 ते 20 मिलिमीटरचं झालं की ते फुटण्याचं इंजेक्शन देतात आणि साधारण दीड दिवसाने आययूआय करतात. तो दिवस रविवार किंवा सणाचा आला तर प्रयोगशाळा चालू असेल का, हेही विचारून ठेवावं. नमुना घरून न्यायचा असेल तर तासाभरात, शर्टाच्या आतल्या खिशात, शरीराच्या उबेत पोहोचला पाहिजे. बर्फाच्या डब्यात घालू नये, साधा निरोध किंवा तेल वापरू नये. तासाभराचा हिशेब धरला तर निपाणीच्या माणसाने बेळगावात जाऊन तिथेच नमुना द्यावा. डब्यावर नवरा-बायको दोघांची नावं लिहिली आहेत का, आणि नळी आत घालण्याआधी ती पुन्हा वाचली जातात का, हे बघावं. 'दुसऱ्याचं तर घालणार नाहीत ना?' ही शंका बायका एकमेकींत कुजबुजतात, डॉक्टरांना विचारत नाहीत. सरळ विचारावी. चांगल्या दवाखान्याला तिचा राग येत नाही.

असं विचारण्याला आता कायद्याचाही आधार आहे. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा 2021 चा आहे आणि जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. फक्त आययूआय करणारा दवाखानाही पहिल्या श्रेणीचं केंद्र म्हणून नोंदलेला असावा लागतो. कायदा केंद्राचा असल्यामुळे कोल्हापूरला गेलात काय आणि बेळगावला गेलात काय, नियम तेच. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागावं. दोघांची लेखी संमती लागते. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. नवऱ्यात शुक्राणूच नसल्यामुळे दात्याचे घ्यायचे झाले, तर ते नोंदणीकृत बँकेतूनच, एचआयव्ही, कावीळ, गरमी अशा तपासण्या झालेलेच घ्यावे लागतात. ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाचा ताजा नमुना घेऊन हे काम परस्पर उरकता येत नाही. अशा मुलाला कायदा त्या जोडप्याचंच अपत्य मानतो. आणि 'धुताना मुलाचे शुक्राणू निवडतो' असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून यावं. लिंगनिवड गर्भलिंगनिदानाच्या कायद्यातही गुन्हा आहे आणि या कायद्यातही. तिची जाहिरात करणाऱ्याला पाच ते दहा वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे.

तंबाखूबद्दल निपाणीत लिहिणं म्हणजे गावच्या पोटापाण्यावर बोलणं. पिकाचं अर्थकारण हा वेगळा विषय आहे, शरीरापुरतं बोलू. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी आढळते. आज सोडली तर परिणाम दिसायला शुक्राणूंचं एक अख्खं चक्र, म्हणजे अडीच महिने, लागतात. आययूआयच्या आदल्या आठवड्यात सोडून काही साधत नाही. बायकांच्या मिश्रीकडे मात्र कुणी तंबाखू म्हणून बघतच नाही, दात घासायची पूड म्हणूनच ती चालते. धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या मुंबईच्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, असा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मूल हवं म्हणून एवढे उपचार करणाऱ्या घराने ती डबी आधी बाहेर काढावी.

आययूआय झाल्यावर सगळ्या घराची एकच सूचना असते, हालू नकोस. 2009 च्या एका डच चाचणीत पंधरा मिनिटं पडून राहिल्याने फायदा दिसला होता. 2017 च्या पुढच्या चाचणीत तो दिसला नाही. पंधरा मिनिटांचंच असं असेल तर पंधरा दिवस खाटेवर पडून राहण्याला काय आधार असणार? बस, स्वयंपाक, नोकरी सगळं चालतं. ज्या सासूबाई दोन आठवडे सुनेला पाण्याचा हंडा उचलू देत नाहीत त्यांच्या मायेला नावं ठेवायचं कारण नाही, पण पाळी आली तर 'तूच उठलीस म्हणून' हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारू नये, कारण ते खोटं आहे. लघवीची तपासणी चौदा दिवसांच्या आधी करू नये. बीज फुटण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनमुळेच ती खोटी होकारार्थी येऊ शकते. तपासणी होकारार्थी आली आणि पोटात एका बाजूला जोराने दुखू लागलं, चक्कर आली किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर गर्भ नळीत अडकल्याची शक्यता असते. त्या वेळी पुढच्या तारखेची वाट न बघता रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पाळी आली तर फाईलवर त्या महिन्याचे तीन आकडे लिहून घ्यावेत: बीजं किती आणि किती मिलिमीटरची, धुतल्यावर हलणारे शुक्राणू किती, आणि ही कितवी वेळ. तिसऱ्या वेळेनंतर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं तर बेळगावात असो वा कोल्हापुरात, समोरचा माणूस पहिल्यांदा हेच तीन आकडे विचारणार आहे.